तुझं लक्ष कुठं होतं?

‘घरात लहान मूल आहे, तरीही घर देखणं कसं ठेवाल?’ अशा मथळ्याचे लेख आपल्या सगळ्याजणींच्या ओळखीचे आहेत. रविवारच्या पुरवण्यांत, गृहसजावटीच्या अंकांत, फर्निचरच्या जाहिरातींत ते वर्षानुवर्षं येत राहतात. चित्र ठरलेलं असतं. फिक्या रंगाचा सोफा, मधोमध काचेचा टीपॉय, त्यावर फुलदाणी, गालिच्यावर एक गुटगुटीत मूल, आणि त्याच्याकडे कौतुकानं बघणारी, इस्त्रीच्या कपड्यांतली आई. मजकूरही ठरलेला. कोपरे गोल असावेत, रंग डाग लपवणारा असावा, कापड धुता येणारं असावं. सल्ला चुकीचा नाही. पण तो सगळाच्या सगळा बाईला दिलेला असतो आणि त्यातला ‘तरीही’ हा शब्द कुणालाच खटकत नाही.

मूल आहे ‘तरीही’ देखणं! म्हणजे घराची खरी शोभा मूल येण्याआधीची. मूल हे त्या शोभेवर आलेलं संकट. आणि या संकटातून शोभा व मूल दोन्ही सुखरूप बाहेर काढायची ती आईनं. सोफ्यावर डाग पडला तर ‘मुलाला वळण नाही’ आणि मुलाच्या कपाळाला खोक पडली तर ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ दोन्ही प्रश्न एकीलाच. टीपॉय कुणी आणला, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून आम्हाला हा विषय हलकाफुलका वाटत नाही. फर्निचरची निवड ही आवडीनिवडीची बाब आहे असं मानलं जातं. आमचं म्हणणं असं, की ज्या घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल आहे, त्या घरात फर्निचरची निवड म्हणजे श्रमाची वाटणी आहे. जे खाजगी तेच राजकीय, असं आपण म्हणत आलो. ते दिवाणखान्यातल्या टीपॉयलाही लागू आहे.

काचेच्या टीपॉयची किंमत

दुकानात टीपॉयवर किमतीची चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर न लिहिलेली किंमत वेगळीच. टीपॉयची उंची साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर असते. वर्षाच्या मुलाची उंची ७५ सेंटिमीटरच्या आसपास. हे मूल कशाला तरी धरून उभं राहतं, पाय घसरतो, खाली येताना हनुवटी, दात किंवा कपाळ नेमकं त्या कडेवर आपटतं. काच साधी असेल तर फुटताना तिचे लांब, धारदार तुकडे होतात. भट्टीत तापवून कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच असेल तर तिचा चुरा होतो, इजा कमी होते. पण कडेची टणक धार दोन्हींना सारखीच.

असा टीपॉय घरात आहे आणि मूल वर्ष-दोन वर्षांचं आहे, याचा अर्थ काय? याचा अर्थ, मूल जागं असेल तेवढा वेळ कुणीतरी त्याच्या मागे वाकून फिरायचं. आमटी उतू जात असली तरी, दारावर कुणी आलं तरी, स्वतःला लघवीला जायचं असलं तरी. ही राखण दिसत नाही. भांडी घासली की भांडी स्वच्छ दिसतात, पोळ्या केल्या की डबा भरलेला दिसतो. लक्ष ठेवलं तर काहीच दिसत नाही. काहीच घडलं नाही, हेच त्या कामाचं फळ. म्हणून त्याला कुणी काम म्हणत नाही. ते फक्त चुकलं की दिसतं.

टीपॉय हे एक उदाहरण झालं. खिडकीखाली ठेवलेला सोफा घ्या. खिडकीतून हवा येते, बाहेरचं दिसतं, म्हणून बैठक तिथं मांडायची पद्धत आहे. दीड वर्षाचं मूल सोफ्यावर चढतं, सोफ्याच्या पाठीवर चढतं, आणि तिथून खिडकी. पूर्वी चाळीच्या खिडकीला गज असायचे. आता इमारतीचं बाह्यरूप बिघडतं म्हणून काही ठिकाणी सोसायट्या जाळी बसवू देत नाहीत. इमारतीच्या शोभेचा हा नियमही शेवटी आईच्याच डोळ्यांवर येऊन पडतो. गॅलरीत ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची, सामान ठेवायच्या पलंगाचं जड झाकण, घडीच्या खुर्चीच्या सांध्यात सापडणारी बोटं, टीव्हीखालचं अरुंद, उंच कपाट... यादी लांबवता येईल. प्रत्येक वस्तूगणिक घरातल्या एका माणसाचं मोकळेपण थोडं थोडं कमी होतं.

हे माणूस कोण, ते सांगायला ज्योतिषी नको. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या. अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करण्यात सहभागी होत्या आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटं देत होत्या. पुरुषांपैकी सहभागी होते २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटं ७४. आता मनाशी विचार करा : भाजी चिरता चिरता एक डोळा मुलावर ठेवणारी बाई ती मिनिटं कुठल्या रकान्यात लिहील? भाजीच्या. डोळ्याचा हिशेब कुठंच लागत नाही.

शोभा कुणासाठी?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत बाहेरची खोली ही पाहुण्यांची खोली असते. तिथलं शोकेस, त्यातल्या बाहुल्या, न वापरलेला कपबशांचा संच, सोफ्यावरची पांढरी आच्छादनं हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायचं. घरातल्यांनी ते जपायचं. आठवड्यातून तासभर येणाऱ्या पाहुण्यासाठी, चोवीस तास त्याच खोलीत वावरणाऱ्या मुलाला ‘हात लावू नको’ हे पहिलं वाक्य शिकवायचं. दोन खोल्यांच्या घरात ती खोली सोडून मुलानं जायचं तरी कुठं? स्वयंपाकघरात. म्हणजे पुन्हा आईच्या पायात, आणि गॅस, सुरी, उकळतं पाणी यांच्याजवळ. पाहुण्यांच्या खोलीची शोभा टिकवण्यासाठी मूल घरातल्या सर्वांत धोक्याच्या खोलीत ढकललं जातं, ही साधी गोष्टसुद्धा आपल्या लक्षात येत नाही.

आणि हे सामान येतं कुठून? आजही कितीतरी लग्नांत कपाट, पलंग, गाद्या, ड्रेसिंग टेबल, सोफा मुलीच्या घरून येतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा; पण ‘आम्ही काही मागितलं नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ असं म्हटलं की सगळं कायद्याच्या बाहेर. निवड सासरच्यांच्या खोलीच्या मापानं आणि मानानं होते, पैसे बापाचे जातात, पुसायला सून. स्त्रीधन हे त्या स्त्रीचंच, सासरच्यांकडे ते केवळ ठेव म्हणून असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. पण आपल्या माहेराहून आलेलं टोकदार कोपऱ्यांचं ड्रेसिंग टेबल मूल चालायला लागल्यावर माळ्यावर टाकायचं असेल, तर तिला सासूबाईंना, नवऱ्याला, कधी दिरालाही विचारावं लागतं. कायद्यानं तिचं, मायन्यानं घराचं, आणि त्यावर मूल आपटलं की दोष पुन्हा तिचा.

पगारी राखणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्यापैकी ज्या नोकरी करतात त्यांतल्या पुष्कळजणींच्या मुलांवर लक्ष ठेवते ती दुसरी बाई. तिचं स्वतःचं मूल त्या वेळी शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे असतं. ती थोरली मुलगी शाळा बुडवते. इथं मालकाच्या सोफ्यावरून मूल पडू नये म्हणून ही बाई दिवसभर सोफ्यापाशी असते, पण त्या सोफ्यावर बसत नाही. खाली फरशीवर बसते. मूल पडलं तर ‘बाईचं लक्ष नव्हतं’. नाही पडलं तर त्याबद्दल तिला काही मिळत नाही. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. कायद्यासाठी लढलो हे खरं. पण आपल्याच घरातल्या बैठकीवर तिला बसायला सांगतो का, हा प्रश्न कायद्यावर ढकलता येत नाही. तिच्या पगारात आपण ‘लक्ष ठेवणं’ हे काम म्हणून धरतो का, हाही.

दोष कारखान्याचा, जबाबदारी आईची

‘लक्ष ठेवा’ हा सल्ला फक्त सासू-नवरा देत नाहीत. तो कारखानदारही देतात, आणि त्यांच्या बाबतीत तो फार सोयीचा असतो.

अमेरिकेतलं उदाहरण सर्वांना माहीत व्हावं असं आहे. आयकिया ही स्वस्त आणि देखण्या फर्निचरसाठी जगभर गाजलेली कंपनी. तिची २०१८ पासून हैदराबादला आणि २०२० पासून नवी मुंबईतही दुकानं आहेत. अमेरिकेत तिची खणांची कपाटं लाखो घरांत होती. खण उघडला की मुलाला ती शिडी वाटते. दोन-तीन खण एकदम उघडे, त्यावर मुलाचा भार, की सगळं वजन पुढं येतं आणि कपाट मुलाच्या अंगावर कोसळतं. मुलं दगावली. २०१५ मध्ये कंपनीनं काय केलं? कपाट भिंतीला बांधून टाकायचा संच फुकट देऊ केला. म्हणजे वस्तू तशीच. बांधायचं काम तुमचं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायला मालक देत नसेल तर तेही तुमचं नशीब. आणखी एक मूल गेल्यावर २०१६ च्या जूनमध्ये तब्बल २ कोटी ९० लाख कपाटं परत घेण्याची घोषणा करावी लागली.

पुढं जे झालं ते महत्त्वाचं आहे. ज्यांची मुलं अशी गेली त्या आईवडिलांनी ‘आमचं लक्ष नव्हतं’ हे मान्य करायला नकार दिला. ते एकत्र आले, संघटना केली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून कपड्यांच्या कपाटांना स्थिरतेची कसोटी सक्तीची झाली. खण भरलेले असताना, खण उघडे असताना, गालिच्यावर ठेवलेलं असताना आणि २७ किलोपर्यंतच्या मुलाचा भार पुढून आला तरी कपाट उभं राहिलं पाहिजे. म्हणजे हे तंत्रानं शक्य होतं. आधीही शक्य होतं. खोली थोडी वाढवली, मागचं वजन वाढवलं, एका वेळी एकच खण उघडेल अशी अडसर ठेवली की झालं. पण त्याला खर्च येतो. आईचं लक्ष मात्र फुकट मिळतं. जोवर ते फुकट मिळतं तोवर कारखानदार खर्च कशाला करील?

आपल्याकडे केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये फर्निचरच्या गुणवत्तेबाबत आदेश काढला. खुर्च्या, टेबलं, साठवणीची कपाटं, पलंग यांना भारतीय मानकं लावण्याची ती सुरुवात होती. स्वागत करू. पण आपल्यातल्या किती घरांत ठप्पा असलेलं सामान येतं? आपण जातो नाक्यावरच्या दुकानात, नाहीतर घरीच सुतार बसवतो. सुताराला आपण काय सांगतो? ‘त्यांच्याकडे आहे तसं करा.’ प्लाय किती जाडीचं, सनमायका कुठला, हे ठरवायला घरातले पुरुष पुढं असतात. कपाटाचा पाया किती रुंद, कडा गोल करायच्या की नाही, हे विचारायला कुणी नसतं. आणि जिला ते सुचतं ती आत चहा टाकत असते.

मापाचा प्रश्न

घर हे प्रौढ माणसाच्या, त्यातही पुरुषाच्या मापानं बेतलेलं असतं. स्वयंपाकाच्या ओट्यापुढं पाट घेऊन उभ्या राहणाऱ्या बुटक्या बायका आपण पाहिल्या आहेत. मुलांचं तर मापच घेतलं जात नाही.

हे वेगळ्या तऱ्हेनं करून दाखवलं ते बायकांनीच. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. तिथं त्यांनी मुलांच्या मापाची, मुलांना स्वतः उचलून नेता येतील इतकी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या. त्यामागचा विचार फार मोठा होता. खुर्ची हलकी असली तर मूल ती स्वतः सरकवतं, पडली तर उचलतं, मोठ्यांना हाक मारत नाही. मूल मोकळं, म्हणून आईही मोकळी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हाच विचार गावात नेला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं. महागडी साधनं परवडणार नव्हती, तर शिंपले, बिया, खडे घेतले. इमारत नव्हती, तर अंगण घेतलं. अंगणवाडी हा शब्द तिथून आला.

आज ‘माँटेसरी पद्धतीचा’ पलंग, ‘माँटेसरी’ मांडणी म्हणून मोठ्या शहरांतल्या दुकानांत भरमसाट किमतीला सामान विकतात. गरीब वस्तीतून निघालेला विचार फिरून श्रीमंतांच्या मुलांच्या खोलीत जाऊन बसला. त्याला बाजारातून परत आणायला पैसे लागत नाहीत. जमिनीवर अंथरलेली गादी, भिंतीला पक्की ठोकलेली खालची फळी, एक पाट, एक चौरंग, सतरंजी. हे आपल्या आज्यांच्या घरात होतंच.

आज्यांचं घर म्हणून ते सोन्याचं होतं, असं मात्र कुणी म्हणू नये. तिथं चूल होती, न्हाणीघरात बंब होता, परसात विहीर होती, आणि मूल सांभाळायला आठ वर्षांची मुलगी शाळेतून काढली जात होती. जुन्या घरात राखण कमी लागायची हे खरं नाही. ती जास्त बायकांत वाटली जायची, एवढंच. आता ती एकीवर आली.

‘मग काय गोदामात राहायचं?’

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. बाईला सुंदर गोष्टींची आवड नसावी का? का नसावी! घराचे रंग, पडदे, कापडाचा पोत यांत बायकांनी आपलं कसब ओतलेलं आहे. बाहेर वाव मिळाला नाही म्हणूनही ओतलेलं आहे. त्या आवडीला नाकं मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला संध्याकाळी पाठ टेकायला एक चांगली खुर्ची हवी, आणि ती देखणी असली तर बिघडलं कुठं? आमचा विरोध आहे तो दुसऱ्याच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शोभेला. जी शोभा टिकवायला एका माणसाला दिवसभर पहारा करावा लागतो ती शोभा महाग आहे, मग दुकानातली चिठ्ठी काहीही म्हणो.

दुसरा आक्षेप : मुलाला ‘नाही’ शिकवलं पाहिजे, सगळं उचलून ठेवलं तर शिस्त कशी लागणार? दीड वर्षाच्या मुलाला ‘नाही’ कळतं, पण हात आवरत नाही. ते वय हात लावून जग ओळखण्याचंच आहे. आणि आपला अनुभव सांगतो, की हे ‘नाही’ मुलीला लवकर आणि जास्त ऐकावं लागतं. मुलगा शोकेसवर चढला तर ‘दांडगा आहे’ म्हणून हसतात. मुलगी चढली तर खाली उतरवून बसवतात. शिस्तीच्या नावाखाली मुलीच्या हातापायांना पहिली वेसण घातली जाते ती इथं, सोफ्यापाशी.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. आहे ते सामान बदलायची ऐपत सगळ्यांची नसते. पण बरंचसं काम बिनपैशाचं आहे. टीपॉय दोन वर्षं माळ्यावर जाऊ शकतो. सोफा खिडकीपासून हलवता येतो. जड वस्तू खालच्या खणात, हलक्या वरच्या. टीव्ही आणि उंच कपाट भिंतीला बांधायला दोन लोखंडी पट्ट्या आणि चार स्क्रू पुरतात. घरमालक नाही म्हणाला तर मूल असेपर्यंत कपाट आडवं टाकता येतं. गॅलरीत चढण्याजोगं काही ठेवायचं नाही. नवीन करून घ्यायचं असेल तर सुताराला कडा गोल करायला आणि पाया रुंद ठेवायला सांगायचं, आणि हे सांगायला स्वतः बाहेरच्या खोलीत यायचं.

पण एवढ्यावर थांबलो तर आपलाही लेख त्या पुरवण्यांसारखाच होईल : आणखी एक यादी, आणखी एकदा बाईच्याच हातात. म्हणून यादीतली पहिली गोष्ट ही, की ही यादी फ्रिजवर चिकटवायची आणि अर्धी कामं नवऱ्याच्या नावावर लिहायची. ‘मदत’ म्हणून नव्हे. त्याचंही मूल आहे, त्याचंही घर आहे. रविवारचा संपूर्ण दिवस त्यानं एकट्यानं राखण करावी, आणि संध्याकाळी काचेचा टीपॉय ठेवायचा की काढायचा ते सांगावं. टीपॉय सोमवारी सकाळी माळ्यावर गेलेला असेल, अशी आमची पैज आहे.

आणि घराबाहेरच्या मागण्या सोडून चालणार नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं. किती ठिकाणी ते प्रत्यक्षात आहे, हे आपापल्या कचेरीत विचारा. आणि शेतात, घरकामात, छोट्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांना तर हा आकडाच लागू होत नाही. अंगणवाडी दिवसभर चालली पाहिजे आणि ती चालवणाऱ्या सेविकेला मानधन नव्हे, वेतन मिळालं पाहिजे. फर्निचर विकणाऱ्यानं ‘भिंतीला बांधा’ असं बारीक अक्षरात छापून सुटू नये. न बांधताही उभं राहील असंच सामान विकण्याची सक्ती त्याच्यावर हवी. सोसायटीनं जाळी नाकारली तर कारण लेखी मागा.

मैत्रिणींनो, मूल पडणारच. धडपडल्याशिवाय कुणी चालायला शिकलेलं नाही. प्रश्न ते कशावर पडतं हा आहे, आणि ते ‘कशावर’ कुणी ठरवलं हा आहे. यापुढं ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ असं कुणी विचारलं, तर गप्प बसू नका. शांतपणे विचारा, ‘आणि तुमचं?’